बर्फावरचा सातबारा

कॅनडाचे दोन नकाशे शेजारी ठेवून बघा. एक १९९८ सालचा, दुसरा २००० सालचा. पहिल्यात देशाच्या माथ्यावर ‘नॉर्थवेस्ट टेरिटरीज’ नावाचा एकच अवाढव्य प्रदेश पसरलेला दिसेल. दुसऱ्यात त्याचा पूर्वेकडचा मोठा लचका वेगळा झालेला असेल. त्याचं नाव नुनावुत. क्षेत्रफळ सुमारे २१ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ सातपट आणि अख्ख्या कॅनडाचा एक पंचमांश. आणि तिथली तेव्हाची लोकसंख्या? जेमतेम २७ हजार! आपल्याकडच्या कितीतरी तालुक्यांच्या गावांत याहून जास्त माणसं राहतात.

एवढा मोठा बदल झाला, पण त्यासाठी कुणी बंदूक उचलली नाही की कुठलं साम्राज्य कोसळलं नाही. आकारानं जगात दुसऱ्या क्रमांकाच्या देशाला शिकारीवर जगणाऱ्या इनुइट नावाच्या एका छोट्या समाजानं निव्वळ बोलून बोलून राजी केलं. पहिला मसुदा टेबलावर ठेवल्यापासून नकाशा बदलेपर्यंत २३ वर्षं गेली. या खटाटोपात जी मंडळी आघाडीवर होती, त्यांतल्या एकाला तिथले लोक ‘नुनावुतचे जनक’ म्हणतात. त्यांचं नाव जॉन अमागोआलिक.

अमागोआलिक यांचा जन्म १९४७ सालचा. क्युबेकच्या उत्तर भागात, हडसन उपसागराच्या किनाऱ्यावर इनुकजुआक नावाची वस्ती आहे, तिच्या जवळच्या एका शिकारतळावर ते जन्मले. १९५३ साली पोलिसांनी तिथल्या काही कुटुंबांपुढे एक प्रस्ताव मांडला. उत्तरेला शिकार भरपूर आहे, तिकडे चला. नाही करमलं तर दोन वर्षांनी परत आणून सोडू. पोलिसांना नाही म्हणता येतं, हे तेव्हाच्या इनुइटांना ठाऊकच नव्हतं. आईवडिलांनी एवढंच बजावलं, की आम्हाला एकमेकांपासून तोडू नका. तसा शब्द मिळाला. माणसं, कुत्री आणि बोचकी ‘सी. डी. हाऊ’ नावाच्या सरकारी जहाजावर चढली. त्यांत पाच-सहा वर्षांचा जॉनही होता.

जहाज एल्समीअर बेटाशी पोचलं आणि हुकूम आला: निम्म्यांनी इथेच उतरायचं, बाकीचे पुढे. दिलेला शब्द तिथेच मोडला. बायका रडू लागल्या आणि त्यांच्याबरोबर कुत्रीही विव्हळू लागली, असं अमागोआलिक यांनी पुढे चौकशी आयोगासमोर सांगितलं. त्यांचं कुटुंब रेझोल्यूटला उतरलं. घरापासून जवळपास दोन हजार किलोमीटर उत्तरेला!

आता हे ‘उत्तरेला’ म्हणजे नेमकं काय, ते नीट समजून घ्या. इनुकजुआक साधारण ५८ अंश अक्षांशावर आहे. तिथे हिवाळा कडक असला तरी सूर्य रोज उगवतो. उन्हाळ्यात टुंड्रावर बोरांसारखी रानफळं मिळतात, पक्ष्यांची अंडी मिळतात. रेझोल्यूट ७४ अंशांच्याही पलीकडे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथला सूर्य मावळतो तो थेट फेब्रुवारीत उगवतो. जमीन म्हणजे नुसती खडी आणि गोटे. ज्या माणसांनी आयुष्यात कधी तीन महिन्यांची रात्र पाहिली नव्हती, त्यांनी त्या अंधारात, अनोळखी बर्फावर, अनोळखी जनावरांची शिकार करायची होती. जवळच हवाई दलाचा तळ होता. त्याच्या उकिरड्यावरच्या लाकडी खोक्यांमधून घरं उभी राहिली आणि तिथल्याच टाकून दिलेल्या अन्नावर कित्येकदा पोटं भरली.

सरकारनं हे केलं कशासाठी? सरकारचं म्हणणं असं, की इनुकजुआकला माणसं फार झाली आणि शिकार पुरेनाशी झाली. पण तो शीतयुद्धाचा काळ होता. निर्मनुष्य उत्तर ध्रुवीय बेटांवर आपला हक्क दाखवायचा तर तिथे आपली माणसं हवीत, हा विचारही त्यामागे होता, असा निष्कर्ष या स्थलांतराची चौकशी करणाऱ्या शाही आयोगानं १९९४ साली काढला. थोडक्यात, झेंड्याच्या काठ्या रोवाव्यात तशी ही कुटुंबं त्या बेटांवर रोवली गेली. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ती सरकारवरच उलटणार आहे.

जॉन थोडा मोठा झाल्यावर शिक्षणासाठी मॅनिटोबातल्या चर्चिल गावी गेला. तिथल्या निवासी शाळेत दूरदूरच्या वस्त्यांतली इनुइट मुलं आणली जात. इंग्रजी शिका, कसब शिका आणि ‘आधुनिक’ व्हा, हा त्यामागचा हेतू. घडलं भलतंच. एकमेकांपासून शेकडो किलोमीटर लांब वाढलेली मुलं पहिल्यांदा एका छताखाली आली. आपली गाऱ्हाणी घरोघरी सारखीच आहेत, हे त्यांना कळलं. सरकारशी सरकारच्या भाषेत बोलायची तयारीही तिथेच झाली. पुढे वाटाघाटींच्या टेबलावर बसलेल्यांपैकी कितीतरी जण याच चर्चिलचे माजी विद्यार्थी होते. मुलांना मुळापासून तोडण्यासाठी बांधलेल्या शाळेतून एका चळवळीचे कार्यकर्ते तयार झाले, याला काय म्हणावं?

१९७१ साली ‘इनुइट तापिरिसात ऑफ कॅनडा’ ही देशपातळीवरची इनुइट संघटना उभी राहिली. दोन वर्षांनी ब्रिटिश कोलंबियातल्या निस्गा लोकांच्या खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं, की गोरे येण्याआधीपासून जमीन वापरणाऱ्यांचा त्या जमिनीवर हक्क असतो, ही गोष्ट कायद्यात बसते. एवढी फट पुरेशी होती. सरकारनं जाहीर केलं, की ज्यांच्याशी कधी करारच झाला नाही त्या लोकांशी आम्ही बोलणी करू. इनुइटांशी तर कधीच करार झाला नव्हता!

पण जमीन तुमची, हे सिद्ध कशावरून करणार? आपल्याकडे सातबारा असतो, फेरफार असतो, खरेदीखत असतं, आणि हे सगळं असूनही एका बांधापायी तीन-तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. इनुइटांकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांच्या मुलखात ना बांध, ना कुंपण, ना नांगरट. शिकारी माणूस आज इथे, तर महिन्याभरानं कुठल्या कुठे. ऋतू पालटला की त्याच्या पाऊलखुणाही वितळून जातात. अशा माणसानं वहिवाट दाखवायची कशी?

उत्तर इतकं साधं होतं, की ऐकून थक्क व्हायला होतं. म्हाताऱ्यांना विचारा!

१९७३ ते १९७६ या काळात संघटनेनं एक प्रचंड अभ्यास हाती घेतला. मिल्टन फ्रीमन हे मानववंशशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख होते. अभ्यासक वस्त्यावस्त्यांत गेले आणि एकेका शिकाऱ्यासमोर त्याच्या मुलखाचा मोठा नकाशा पसरून त्याला म्हणाले, तुम्ही आयुष्यभर कुठे कुठे शिकार केलीत ते काढून दाखवा. कॅरिबू हरणं कुठे मारलीत, सील कुठे, कोल्ह्याचे सापळे कुठे लावलेत, मासे कुठे धरलेत, तळ कुठे ठोकलात? हे झाल्यावर काळाप्रमाणे वेगळं करायचं. व्यापाऱ्यांचं ठाणं येण्याआधी कुठे जात होता, ठाणं आल्यावर कुठे, पक्क्या वस्तीत राहायला आल्यावर कुठे?

आणि माणसं काढू लागली. ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, तीही. किनाऱ्याचा एकेक वळसा त्यांना पाठ होता, कारण हिमवादळात तो चुकला तर मरण ठरलेलं. एकेका माणसाचं आख्खं आयुष्य नकाशावरच्या रेघांमध्ये उतरलं. अशा शेकडो आयुष्यांचे नकाशे एकमेकांवर ठेवले, तेव्हा काय दिसलं असेल? ज्या प्रदेशाला दक्षिणेतले लोक ओसाड, रिकामा समजत होते, तो रेघांनी गच्च भरून गेला होता. १९७६ साली हा अभ्यास तीन खंडांत छापून आला. ज्यांच्याकडे कागदाचा एक कपटा नव्हता, त्यांनी सरकारपुढे कागदांचा ढीग ठेवला, आणि तोही निव्वळ आठवणीतून!

त्या नकाशांत आणखी एक चक्रावून टाकणारी गोष्ट होती. रेघा किनाऱ्याशी थांबत नव्हत्या. त्या सरळ समुद्रात शिरत होत्या. कारण वर्षातले कितीतरी महिने तो समुद्र गोठलेला असतो आणि इनुइटांसाठी तोच हमरस्ता, तीच शिकारीची जागा, तळ ठोकायची जागाही तीच. जमीन कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो, हा फरक आपल्याला किती उघड वाटतो! तिथे हिवाळ्यात तो पुसला जातो. पुढे जेव्हा करार झाला, तेव्हा किनाऱ्याला घट्ट धरून असलेल्या समुद्रावरच्या बर्फाच्या पट्ट्याची त्यात वेगळी तरतूद करावी लागली. दर उन्हाळ्यात वितळणाऱ्या गोष्टीवरचे हक्क कायद्यानं लिहून दिले गेले.

पुरावा झाला. आता मागायचं काय? इथे खरी राजकीय चतुराई दिसते. १९७६ च्या फेब्रुवारीत पहिला मसुदा पंतप्रधान पिएर ट्रूडो यांच्या सरकारला दिला गेला. काही महिन्यांतच इनुइटांनी तो स्वतःहून मागे घेतला. तो फार वकिली झाला होता आणि वस्त्यांतल्या लोकांनाच नीट उमगला नव्हता. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! असं मागे फिरायला धमक लागते.

मागणीचे दोन भाग होते. एक, जमिनीवरचे हक्क. दुसरा, स्वतःचा वेगळा प्रदेश आणि स्वतःचं सरकार. केंद्र सरकार म्हणत होतं, जमिनीचं बोलू, सरकारचं नको. इनुइट म्हणत होते, दोन्ही एकत्रच. पण ते सरकार कसं हवं? ‘फक्त इनुइटांचं, इनुइटांसाठी’ असं त्यांनी मागितलंच नाही. त्यांनी मागितलं साधं लोकशाही सरकार, जिथे राहणाऱ्या प्रत्येकाला मत, मग तो कुठल्याही वंशाचा असो. उदारपणा झाला हा? हो, आणि हिशेबही! त्या प्रदेशातले सुमारे ८५ टक्के लोक इनुइट होते. आरक्षण नको, खास कायदा नको. सीमारेषा योग्य जागी आखली की उरलेलं काम मतपेटी करणार. एवढ्या निरुपद्रवी दिसणाऱ्या मागणीला लोकशाही देश कोणत्या तोंडानं नाही म्हणणार?

अमागोआलिक १९८० च्या दशकात दोनदा इनुइट तापिरिसात संघटनेचे अध्यक्ष झाले. याच काळात कॅनडाची राज्यघटना ब्रिटनच्या संसदेकडून मायदेशी आणण्याची खटपट चालली होती. मूळनिवासींच्या हक्कांचं कलम मसुद्यातून एकदा गळलंसुद्धा. मोठा विरोध झाला, ते परत आलं, आणि १९८२ च्या घटनेच्या ३५ व्या कलमात इनुइटांचं नाव लेखी नोंदलं गेलं. त्याच वर्षी नॉर्थवेस्ट टेरिटरीजचं विभाजन करावं का, यावर सार्वमत झालं. सुमारे ५६ टक्के लोक ‘हो’ म्हणाले.

मग रेघ कुठून न्यायची यावर दहा वर्षं गेली. पश्चिमेला डेने लोक राहतात. झाडी जिथे संपते त्या पट्ट्यात त्यांचीही शिकार आणि इनुइटांचीही. कॅरिबूंचे कळप दोन्हीकडे फिरतात, त्यांना सीमा कोण समजावणार? अखेर मे १९९२ मध्ये सीमेवर मतदान झालं आणि ५४ टक्के लोकांनी ती मान्य केली.

शेवटची परीक्षा सर्वांत अवघड. सरकारशी ठरलेला करार मंजूर व्हायचा तर मतदान करणाऱ्यांपैकी निम्म्यांहून अधिकांचा पाठिंबा पुरणार नव्हता. मतदानाचा हक्क असलेल्या एकूण इनुइटांपैकी निम्म्यांहून अधिक हवे होते. म्हणजे जो घरी बसला त्याचं मत आपोआप ‘नाही’! आपल्याकडची मतदानाची टक्केवारी आठवा आणि या नियमाची जरब ओळखा. तेही नोव्हेंबरात, जिथे एका वस्तीपासून दुसऱ्या वस्तीला रस्ताच नाही अशा मुलखात. निकाल आला: हक्क असलेल्यांपैकी ६९ टक्के ‘हो’.

९ जुलै १९९३ पासून करार लागू झाला. इनुइटांच्या मालकीची जमीन सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडी जास्तच. त्यातल्या साधारण एक दशांश भागात जमिनीखालच्या खनिजांचाही हक्क. चौदा वर्षांत मिळून १.१४८ अब्ज डॉलर. वन्यजीव मंडळात बरोबरीच्या जागा. आणि नवा प्रदेश, नवं सरकार. हे फुकट मिळालं नाही. बदल्यात इनुइटांनी त्या भूमीवरचा आपला मूळनिवासी म्हणून असलेला मालकीहक्क कायमचा सोडला. कित्येकांना हा सौदा आजही सलतो.

पण मला सर्वांत थक्क करतं ते त्या करारातलं एक छोटंसं वाक्य. पंधराव्या कलमात कॅनडा लिहून देतो, की उत्तर ध्रुवीय बेटांभोवतीच्या पाण्यावरच्या आपल्या सार्वभौमत्वाला इनुइटांच्या वापराचा आणि वास्तव्याचा आधार आहे. पुन्हा वाचा हे! चाळीस वर्षांपूर्वी ज्यांना खोटं वचन देऊन काठीसारखं रोवलं, त्यांच्याच भरवशावर आमचा झेंडा उभा आहे, अशी ही लेखी कबुली.

करार झाला, पण सरकार काही कागदावर उभं राहत नाही. खाती किती? राजधानी कुठे? आमदार किती? हे ठरवण्यासाठी आयोग नेमला गेला आणि त्याचे प्रमुख झाले अमागोआलिक. एका माणसाला आपल्या देशात नवं सरकार पायापासून आखायला मिळावं, असं किती वेळा घडतं? राजधानी मतदानानं ठरली, इकालुइट. सरकारी नोकऱ्या एकाच गावी गोळा होऊ नयेत म्हणून कचेऱ्या वेगवेगळ्या वस्त्यांत वाटायच्या ठरल्या. आणि आयोगानं एक असा प्रस्ताव मांडला, की जगानं कान टवकारले. प्रत्येक मतदारसंघातून दोन आमदार निवडायचे, एक पुरुष आणि एक स्त्री. विधानसभा जन्मतःच निम्मी स्त्रियांची!

मे १९९७ मध्ये यावर सार्वमत झालं आणि अमागोआलिक हरले. ५७ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. विरोधकांत मॅनिटोक थॉम्पसन या नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या सरकारातल्या महिला मंत्रीही होत्या. फेब्रुवारी १९९९ ला पहिली निवडणूक झाली. १९ आमदारांत स्त्रिया किती निवडून आल्या असतील? एक. ती एक म्हणजे खुद्द मॅनिटोक थॉम्पसन!

१ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत अस्तित्वात आलं. पहिले मुख्यमंत्री झाले पॉल ओकालिक, वय वर्षं ३४, नुकतेच वकील झालेले. तिथल्या विधानसभेत पक्षच नाहीत. सगळे आमदार अपक्ष. निवडून आल्यावर सगळे मिळून गुप्त मतदानानं मुख्यमंत्री आणि मंत्री निवडतात. मंत्र्यांची संख्या नेहमी बाकीच्या आमदारांपेक्षा कमी ठेवतात, म्हणजे सरकारला रोजच सगळ्यांचं ऐकावं लागतं. सभागृहाचा राजदंड नारव्हाल या देवमाशाच्या सुळ्याचा आणि आसनांवर सीलचं कातडं. पक्षांतराचा घोळ नाही, व्हीप नाही. आपल्याला हे परग्रहावरचं वाटेल, पण तिथे गेली पंचवीसहून अधिक वर्षं कारभार असाच चालतो.

मग सगळं आलबेल झालं का? मुळीच नाही. घरांची टंचाई भयंकर आहे, एकेका घरात माणसं दाटीवाटीनं राहतात. तरुणांच्या आत्महत्यांचं प्रमाण काळजाला घरं पाडणारं आहे. सरकारी नोकऱ्यांत इनुइटांचा वाटा लोकसंख्येइतका असावा असं करारात लिहिलं होतं. तो बरीच वर्षं निम्म्याच्या आसपास अडकून राहिला. करार पाळला नाही म्हणून इनुइटांच्या संस्थेनं २००६ साली केंद्र सरकारवर दावा ठोकला आणि २०१५ साली २५.५५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. हक्क मिळवणं वेगळं आणि तो राबवून घेणं वेगळं, हे त्यांनी पुरेपूर अनुभवलं.

जहाजावरून नेलेल्या त्या कुटुंबांचं काय झालं? दोन वर्षांनी परत आणण्याचं वचन कुणी पाळलं नाही. बऱ्याच जणांना १९८० च्या दशकाच्या अखेरीस, पस्तीस वर्षांनी, सरकारी खर्चानं परतता आलं. सरकारनं अधिकृत माफी मागितली ती १८ ऑगस्ट २०१० ला, म्हणजे ५७ वर्षांनी.

१८ जानेवारी २०२४ रोजी इकालुइटमध्ये आणखी एक करार झाला. नुनावुतच्या सरकारी जमिनीचा आणि खनिजांचा कारभार केंद्राकडून नुनावुत सरकारकडे सोपवायचं ठरलं. त्यासाठी ठरलेली मुदत १ एप्रिल २०२७. नुनावुतच्या वतीनं सही करणारे तेव्हाचे मुख्यमंत्री पी. जे. अकीआगोक लहानाचे मोठे झाले ग्रीस फ्योर्ड या वस्तीत, म्हणजे सरकारनं १९५३ साली माणसं नेऊन वसवलेल्या त्या दोन वस्त्यांपैकीच एकीत.

अमागोआलिक स्वतः मुख्यमंत्री झाले नाहीत, आणि त्यांची सर्वांत लाडकी योजना लोकांनी फेटाळली. तरीही नुनावुतची गोष्ट त्यांना वगळून सांगता येत नाही. म्हाताऱ्यांच्या आठवणी वेळेत टिपून घेणं, मागणी नेमकी करणं आणि हरलं तरी टेबलावरून न उठणं, एवढ्या तीन गोष्टींवर कॅनडाचा एक पंचमांश नकाशा बदलला.